चाकू : जमा नाही

शुवैखच्या गॅरेजांमागं, पत्र्याच्या सावलीत
मी परक्यांच्या सुऱ्यांना धार लावतो.
हमूर चिरणारे, बोकड सोलणारे,
हॉटेलांचे, हातातून हातात फिरलेले.
शुक्रवारी मात्र बाजार उठल्यावर
अबू मिश्आल येतो
आणि घोंगडीत गुंडाळलेलं लष्कर
माझ्या पुढ्यात सोडतो.
"धार नको," म्हणतो, "फक्त गंज काढ.
सगळा नको. गिऱ्हाइकाला थोडा लागतो."

ही इराकी संगीन.
पात्याला भोक, म्यानाला खुंटी,
दोघं जुळली की कात्री होते, काटेरी तारेसाठी.
तारा कापल्या का हिनं, कुणास ठाऊक.
नव्वदच्या ऑगस्टात अबू मिश्आलच्या बहिणीकडं
दिवाणखान्यातला गालिचा कापला.
एकट्याला उचलवेना, म्हणून अर्धाच नेला.
उरलेल्या अर्ध्यावर ते अजून चहा पितात.

ही अमेरिकन.
मुठीला चामड्याच्या चकत्या, घामानं काळ्या.
म्यानाच्या खिशात इवलासा दगड, धारेसाठी दिलेला.
मी बोट फिरवून पाहिलं :
दगड कोरा. एकदाही घासलेला नाही.
बाकी काय विचारायचं?

आणि हा तळाशी,
घडीचा, काळ्या शिंगाचा,
एक बोथट नाकाचं पातं, एक डबा फोडायचं नख,
पाठीवर दाभणासारखा टोच्या.
घोड्याच्या नालेतला खडा काढायला, असं शिकलेले सांगतात.
मला वाटतं, खजुरातल्या बिया काढायला.
पात्याच्या बुडाशी बाण : सरकारी माल.

हा माझ्या पणजोबाचाच, असं मी म्हणणार नाही.
असे पोत्यांनी आले होते बसऱ्याच्या धक्क्यावर,
कमरेच्या दोरीला बांधून दिलेले,
सही घेऊन, अंगठा घेऊन.
हसनमियां परकार, मराठा पलटण,
बसऱ्याच्या वर, नदीच्या एका वळणात अडकला
आणि खेचरं संपेपर्यंत तरी होता,
एवढंच कळलं.

फुरूसला आमच्या ट्रंकेत एक कागद होता.
थकलेला पगार इतका.
वजा : कांबळं एक.
वजा : चाकू घडीचा एक, जमा नाही, चौदा आणे.
मास्तरानं वाचून दाखवला,
तेव्हा पणजी चुलीपुढून उठली म्हणतात.
"चाकू तेच्यापाशीच हाय ना मग?"
मास्तर म्हणाले, तसा अर्थ नव्हे.
"जमा न्हाई केला मंजे तेच्यापाशीच हाय.
चाकू असल्यावर माणूस उपाशी मरत न्हाई."

ती इद्दतीला बसली नाही.
अकरा वर्षं.
ईदेला सुरमई आली की डोक्याकडचा तुकडा
बाजूला ठेवायची.
मग एका साली ठेवला नाही.
त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

अबू मिश्आल याचे वीस दिनार मागणार.
चौदा आण्यांचे आज किती होतात
हे मी फोनवर काढायला घेतलं, मग राहू दिलं.

रात्री जलीबच्या खोलीवर
सगळे झोपल्यावर मी तो उघडला.
सांध्याला तेलाचा एक थेंब,
आणि पात्याला, सांगितलं नव्हतं तरी,
चार हात दगडावर.
ट्यूनाचा डबा घेतला, नख रुतवलं.
कडेकडेनं, कच कच कच,
शंभर वर्षांचं लोखंड,
पत्रा असा सोडत गेलं
जणू कालच कुणी तरी जेवून मिटून ठेवलं होतं.
शेजारच्या खाटेवरून फैरोज पुटपुटला,
"भूक लागली काय रे?"
हो म्हणालो.

शनिवारी अबू मिश्आलनं चाकू नाकाशी नेला.
"याला मासळीचा वास कसा?"
मी म्हटलं, जुना आहे.